मानेकडचा की घोडीकडचा?

सर्व रसिक श्रोत्यांना नम्र विनंती की त्यांनी आपापल्या जागी शांत बसावे, मुलांच्या हातातले वेफर्सचे पुडे काढून घ्यावेत, आणि मी आता करणार असलेली अत्यंत गंभीर घोषणा शक्य तितक्या दुःखी चेहऱ्याने ऐकावी. विजेवर चालणाऱ्या गिटारीला दोन पिकअप असतात. एक मानेकडे, एक घोडीकडे. त्यांपैकी कोणता चालू ठेवावा या प्रश्नावर कुवेतमधला समस्त मराठी समाज काही काळ दुभंगलेला होता; आणि ज्या माणसामुळे तो दुभंगला, तो हणमंत बिराजदार गेल्या महिन्यात उदगीरला, स्वतःच्या घरी, दुपारचं जेवण झाल्यावर, कुणालाही न विचारता वारला. घोषणा संपली. टाळ्या वाजवू नयेत.

समस्त मराठी समाज म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. काही डॉक्टर, पुष्कळ नर्सेस, हॉस्पिटलातले टेक्निशियन, कंपन्यांतले अकाउंटंट आणि त्या सर्वांच्या बायका. एवढ्या मोठ्या वाळवंटात फक्त आम्हीच असे, की दर गुरुवारी संध्याकाळी साल्मियातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये जमून एकमेकांचा पाणउतारा करायचो आणि त्याला तालीम म्हणायचो. मी त्या वाद्यवृंदाचा निवेदक. निवेदक म्हणजे ज्याला गाता येत नाही, वाजवता येत नाही, आणि घालवूनही देता येत नाही असा माणूस. दिवसा कुवेत सिटीतल्या बँकेत नोकरी, संध्याकाळी ‘रसिकहो’ म्हणून गळा काढायचा.

बातमी बँकेतच फोनवर आली. हणमंतचा मेव्हणा उदगीरच्या पोस्टातून ओरडत होता, मी इथून ओरडत होतो, आणि समोर बसलेला अरब गिऱ्हाईक आमचं भांडण चाललंय असं समजून मला हाताने शांत व्हायला सांगत होता. मी फोन ठेवला. त्याने विचारलं, “मुश्किल?” मी म्हटलं, “खलास.” तेवढीच अरबी मला येते, आणि त्या दिवशी तेवढी पुरली...

हणमंत फार चांगला माणूस होता, असं मी लिहिणार नाही. मेल्यावर सगळ्यांनाच ती सवलत मिळते. त्याने ती तोंडावर फेकली असती. तो आम्हा सर्वांना तुच्छ लेखायचा, आणि मी इतकी वर्षं त्या मंडळात काढल्यावर सांगतो, तो काही फार चुकत नव्हता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो एक्स-रे टेक्निशियन म्हणून इथल्या हॉस्पिटलात आला. कोर्स हैदराबादला केलेला, आणि कोर्स चालू असताना तिथल्या लग्नांत वाजवणाऱ्या एका बँडमध्ये गिटार शिकलेला. उदगीरला त्याचे वडील शाळामास्तर. मुलगा ‘बँडवाला’ झाला याचं त्यांना इतकं वाईट वाटलं होतं की ते त्याच्या एक्स-रेच्या नोकरीबद्दलही कुणाला सांगायचे नाहीत. इथे तो जलीबला एका खोलीत इतर चार सडेफटिंगांबरोबर राहायचा. सडाफटिंग तो नव्हता. त्याची बायको कमल उदगीरला सासऱ्यांकडे होती. पण टेक्निशियनच्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळत नसे, त्यामुळे सरकारदरबारी तो सडाच.

पहिल्या दिवशी तो गिटार चादरीत गुंडाळून घेऊन आला. मंडळाचे अध्यक्ष, मुख्य गायक, तालमीचे दिग्दर्शक आणि चहाचे पहिले मानकरी या चारही जागांवर डॉ. परांजपे बसलेले होते. पुण्याचे, कान-नाक-घशाचे डॉक्टर. दिवसभर लोकांचे कान तपासत असल्यामुळे स्वतःचे वापरायला त्यांना सवड मिळत नसावी. शिवाय हणमंत ज्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा, तिथलेच हे वरिष्ठ. त्यांनी विचारलं, “काय काय वाजवता, बिराजदार?”

“तुम्ही काय काय गाता, साहेब?”

“भावगीतं. निवडक.”

“मग ते सोडून सगळं वाजवतो,” हणमंत म्हणाला. आणि त्याला घ्यावं लागलं, कारण दुसरा गिटारवाला नव्हता. कुवेतमध्ये मराठी कला अशीच फोफावली... दुसरा कोणी नव्हता म्हणून.

आता मुख्य विषय. वाचकांनी घाबरू नये, मलाही एवढंच कळतं. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं लोहचुंबक, भोवती बारीक तारेचं वेटोळं. तार थरथरली की ती थरथर हे वेटोळं पकडतं आणि ॲम्प्लिफायरकडे पाठवतं. पण एकच वेटोळं असलं तर ते हॉलमधल्या ट्यूबलाइटची घूंघूंही तितक्याच भक्तिभावाने पकडतं. म्हणून दोन वेटोळी शेजारी शेजारी उलटी बसवतात. ती एकमेकांची घूंघूं मारून टाकतात आणि गाणं तेवढं पुढे जाऊ देतात. याला म्हणतात हंबकर. (आमच्या कार्यकारिणीत कितीतरी माणसं शेजारी शेजारी उलटी बसवलेली होती, पण तिथे घूंघूं राहायची आणि गाणं मरायचं.) हणमंतच्या जपानी गिटारीला असे दोन हंबकर. मानेकडे, म्हणजे दांडीच्या बाजूला, तार सैल झुलते, म्हणून तिथल्या पिकअपचा आवाज गोल, जाड, गोड. घोडीजवळ, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ, तार ताठ असते, म्हणून तिथला आवाज धारदार, नाकातला, भांडखोर. वरच्या बाजूला एक बोटभर बटण. बटण वर केलं की मानेकडचा, खाली केलं की घोडीकडचा.

हणमंतचं बटण कायम खाली. डॉक्टरांचा कायम एकच हुकूम. गाणं कुठेही असो, समेवर असो की खोकल्यावर, ते डोळे मिटूनच ओरडायचे, “बिराजदार, बटण वर!” हणमंत बटण वर करायचा, डॉक्टर पुढच्या ओळीवर जायचे, आणि बटण हळूच खाली यायचं. मग पुन्हा, “बिराजदार, बटण वर!” आमच्या मुलांना मराठी येत नाही अशी ओरड सगळीकडे असते. माझ्या मुलीला हे एक वाक्य उत्तम यायचं. ती बाथरूममध्ये दिवा लावायलासुद्धा तेच ओरडायची.

डॉक्टरांनी एकदा सिद्धांतच मांडला. “भावगीतात गिटार कशी हवी? अत्तरासारखी. आहे हे कळावं, कुठे आहे ते कळू नये.”

“मग अत्तरच शिंपडा की साहेब,” हणमंत म्हणाला. “मला कशापायी उभं केलात?”

परत जाताना तो माझ्या गाडीत बसायचा आणि जलीब येईपर्यंत आम्हा सर्वांची सालटी काढायचा. पेटीवाला म्हणजे टाइपिस्ट. तबलजी म्हणजे दार ठोठावणारा घरमालक. “आन् तू, सबनीस, तू तर मेलेल्या गाण्याच्या तेराव्याचं आमंत्रण द्यायलास असं बोलतूस.” मी एकदा विचारलं, मानेकडच्या पिकअपचं तुझं असं काय वाकडं आहे? तो म्हणाला, “मानेकडचा म्हंजे गोधडीत तोंड घालून बोलणारा माणूस. त्याला वाटतंय लई गोड बोलायलोय. ऐकायला कोण हाय?” आणि घोडीकडचा? “घोडीकडचा म्हंजे बसस्टँडवर हाक मारणारा. किती बी गर्दी आसू दे, ज्याला मारली त्याला ऐकू जाती. बाकीच्यांचे कान दुखंनात का.”

इथे मला एक किळसवाणी गोष्ट लिहिणं भाग आहे. डॉक्टरांचं बरोबर होतं. त्या मऊ मऊ गाण्यांना मानेकडचाच आवाज शोभायचा. घोडीकडचा लागला की चांदण्यात कोणी पत्रा कापतंय असं वाटायचं. हे डॉक्टरांना कळत होतं, मला कळत होतं, आणि हणमंतला आम्हा दोघांपेक्षा जास्त कळत होतं. तरी तो बटण खाली का करतो, ते मला बरेच दिवस समजलं नव्हतं. मला वाटायचं, नुसता माज.

मग एक कॅसेट आली. आमच्याकडे तेव्हा पत्रं लिहायची पद्धत मागे पडत चालली होती. लोक टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचे आणि सुट्टीवर जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती कॅसेट पाठवायचे. मंडळाचा कार्यक्रमही असाच टेप व्हायचा. स्टेजसमोरच्या खुर्चीवर डेक ठेवायचा, मग ज्याने त्याने त्याच्या कॉपी काढून गावी धाडायच्या, म्हणजे इकडे आपण केवढे मोठे कलावंत आहोत ते तिकडे कळावं. हणमंतही पाठवायचा. उत्तराची कॅसेट आली की ऐकायची पंचाईत, कारण जलीबच्या खोलीत टेप एक आणि कान दहा. म्हणून तो माझ्या गाडीत बसून ऐकायचा. मला खाली उतरवायचा आणि मी उन्हात, माझ्याच गाडीबाहेर, दुसऱ्याच्या बायकोचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून शीळ घालत उभा राहायचो. त्या दिवशी मात्र त्याने काच खाली केली. “आत ये. हे तू बी ऐक.”

टेपमधून कमलचा आवाज आला. सगळे खुशाल असल्याचं झालं, शेजारच्यांच्या म्हशीचं झालं. मग ती म्हणाली, “तुमच्या पोग्रामची क्यासेट आख्ख्या गल्लीनं ऐकली. डॉक्टरसाहेब ऐकले. पेटी ऐकली. तबला ऐकला. एक जण लई खोकला, ते बी ऐकलं. तुमचं तेवढं कळंना झालंय कुठं हाय. मामंजी दोनदा लावून बघितले. म्हणायलेत, फोटूत गिटार हाय आन् क्यासेटीत न्हाई. निस्ता उभा ऱ्हातो का काय की.”

हणमंतने टेप बंद केली. इतकी वर्षं ज्या माणसाने आमच्या प्रत्येकाच्या कलेचं भरीत केलं, तो स्टिअरिंगसमोरच्या धुळीकडे बघत बसला होता. डेक स्टेजसमोर, डॉक्टर त्याच्यापासून हातभर अंतरावर, पेटी शेजारी. कार्यक्रमात लोकांसमोर बटण डॉक्टरांच्या हुकुमाप्रमाणे वरच ठेवावं लागायचं, आणि त्या गर्दीत मानेकडचा गोल गोड आवाज कुठल्या कुठे विरघळून जात होता. बटण खाली जायचं ते माज म्हणून नव्हतं. बाप प्रत्येक कॅसेटनंतर हेच म्हणत होता, मुलगा नुसता उभा राहतो. आणि बाप थकत चालला होता.

“दिवाळीच्या पोग्रामला बघ आता,” एवढंच तो म्हणाला.

पण डॉक्टरही गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. दिवाळीच्या आधीच्या तालमीत बटण इतक्या वेळा खाली आलं की त्यांनी गाणं थांबवलं, चष्मा काढला, आणि ऑपरेशनचा निर्णय सांगतात तशा आवाजात सांगितलं, “कार्यक्रमाच्या दिवशी मी स्वतः ते बटण वर करून त्यावर प्लास्टर लावणार आहे. हॉस्पिटलचं. कातडी निघेल, पण ते निघणार नाही.” कार्यकारिणीने माना डोलावल्या. आमच्या कार्यकारिणीने दुसरं काही डोलावलेलं मला आठवत नाही.

शुक्रवारी सकाळी हणमंत माझ्या घरी हजर. गिटार स्वयंपाकघराच्या ओट्यावर पालथी घातली, मागचं झाकण उघडलं आणि खिशातून सोल्डरिंग गन काढली. माझी बायको नलिनी चकल्या तळत होती.

“भावजी, माझ्या ओट्यावर हे काय जळतंय?”

“काही न्हाई, वहिनी. मान आन् घोडीची अदलाबदल करायलोय.”

“अहो ऐकलंत का,” नलिनी मला म्हणाली, “यांना चहा देऊ की ॲम्ब्युलन्स बोलावू?”

काम साधं होतं. बटणापर्यंत आलेल्या दोन वायरी त्याने काढल्या आणि इकडची तिकडे, तिकडची इकडे जोडली. आता बटण वर केलं की घोडीकडचा वाजणार. डॉक्टर आपल्या हाताने ते वर करणार, आपल्या हाताने त्यावर शिक्कामोर्तब करणार. झाकण लावून हणमंतने एक चकली उचलली, चावली आणि म्हणाला, “वहिनी, जरा मऊ झालीय.” अशा क्षणीसुद्धा या माणसाला चकली चांगली म्हणवेना!

कार्यक्रमाच्या संध्याकाळी डॉक्टर सिल्कचा झब्बा घालून आले. पडद्यामागे सर्वांच्या देखत त्यांनी बटण वर केलं, पांढरं प्लास्टर लावलं, अंगठ्याने कडा दाबल्या आणि पेशंटला म्हणावं तसं गिटारीला म्हणाले, “झालं. आता त्रास होणार नाही.” हणमंत हात जोडून उभा. मी बाहेर जाऊन घसा साफ केला, रसिकहो म्हटलं, चांदण्याबद्दल चार खोटी वाक्यं बोललो आणि डॉक्टरांनी त्यांचं ते नेहमीचं चंद्रावरचं गाणं सुरू केलं.

पहिली ओळ संपली आणि गिटार आली. आली म्हणजे काय... शाळेच्या त्या हॉलमध्ये कोणी तरी भलीमोठी शिंक द्यावी आणि ती सुरात असावी, असं काहीतरी. इथल्या राई नावाच्या वस्तीतल्या एका गोदामातून आणलेला ॲम्प्लिफायर, घोडीकडचा हंबकर आणि हणमंतची बोटं. पेटी नाहीशी झाली. तबला नाहीसा झाला. डॉक्टरांनी गाता गाताच डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं आणि एक बोट वर केलं. हणमंतने गिटार तिरकी करून प्लास्टर दाखवलं. बटण वरच होतं, साहेब! डॉक्टरांनी पुन्हा बोट वर केलं, आणखी वर. गाणं चंद्राचं असल्यामुळे लोकांना वाटलं ते चंद्र दाखवताहेत. पहिल्या रांगेतली पोरं माना वर करून ट्यूबलाइट बघायला लागली. प्रत्येक कडव्यात डॉक्टर चंद्र दाखवत राहिले, आणि हणमंत गर्दीतून वाट काढत, सगळ्यांना कोपराने ढकलत, स्टेजसमोरच्या खुर्चीवरच्या त्या डेककडे तोंड करून वाजवत राहिला. संगीत म्हणून तो सरळ सरळ गुन्हा होता. टाळ्या पडल्या, पण आमच्या लोकांच्या टाळ्यांचं काय सांगावं. मागे वीज गेली होती तेव्हाही पडल्या होत्या.

पडदा पडल्यावर डॉक्टर धावत आले, प्लास्टरच्या कडा नखाने तपासल्या. टाके शाबूत. त्यांनी खोल श्वास घेऊन निदान केलं, “यंत्रातच बिघाड आहे.”

“आसंल, साहेब,” हणमंत म्हणाला. “जपानी माल हाय.”

उत्तराची कॅसेट यायला बरेच आठवडे गेले. या वेळी मला उन्हात उभं राहावं लागलं नाही. आम्ही दोघं गाडीत बसलो, कमल खुशालीचं बोलत होती आणि हणमंत तोंडातल्या तोंडात “पुढं, पुढं” करत होता. शेवटी ती म्हणाली, “तुमचं वाजवणं ऐकलं बगा या वक्ताला. लहान्या जावेचं लेकरू रडायला लागलं. मामंजीनं पुन्यांदा लावा म्हणले. पुन्यांदा ऐकले. मग म्हणले, वाजवतोय खरा. पण लई वंगाळ वाजवतोय.”

हणमंत इतका हसला की त्याला टेप बंद करता येईना. डोळ्यांतून पाणी येत होतं. हसण्याचं असावं, मी चौकशी केली नाही. त्याने कॅसेट मागे नेली आणि पुन्हा लावली. वाजवतोय खरा. पुन्हा मागे नेली. वाजवतोय खरा. मी म्हटलं, “अरे, पुढचंही वाक्य ऐक की!” तो म्हणाला, “पुढचं मला आधीपासून ठावं हाय.”

पुढच्याच शुक्रवारी तो पुन्हा माझ्या ओट्यावर. वायरी होत्या तशा जोडल्या. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, “त्या गाण्याला मानेकडचाच लागतंय. कान हायत का तुला?” त्यानंतर तो जोपर्यंत मंडळात होता तोपर्यंत बटण वर, प्लास्टर तसंच, आणि आवाज असा की खरंच अत्तर. आहे हे कळावं, कुठे आहे ते कळू नये. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, मी लावलेल्या प्लास्टरने गिटार बरी झाली, थोडा वेळ लागला इतकंच. आजपर्यंत मी त्यांना खरं सांगितलेलं नाही. इतका शुद्ध आनंद असा उधळून टाकायचा नसतो. हा लेख पुरवणीत छापून आला तर वाचतील. पण ते स्वतःचं नाव असलेल्या ओळीच वाचतात, आणि माझ्या आनंदासाठी त्या पुष्कळ आहेत.

दोन वर्षांपूर्वी हणमंतचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. सामान आधीच जास्त झालेलं, म्हणून गिटार माझ्याकडे ठेवून गेला. “दर आठवड्याला पुसत जा,” म्हणाला, “वाजवू मात्र नको. तिला बी काही इज्जत हाय.” ती आमच्या बेडरूमच्या कपाटामागे उभी आहे. मी पुसतो. प्लास्टर आता पिवळं पडलंय, कडांना धूळ धरलीय, पण हॉस्पिटलचा माल चांगला होता, निघत नाही.

गेल्या गुरुवारी डॉक्टरांच्या क्वार्टरमध्ये शोकसभा झाली. गिटार खुर्चीवर ठेवली, तिला प्लॅस्टिकच्या फुलांचा हार घातला. पेटीवाला रडला. तबलजीने हणमंतच्या मनमिळाऊ स्वभावाचा उल्लेख केला तेव्हा नलिनीला ठसका लागला. डॉक्टर बरंच बोलले. कलावंत, समर्पण, शिस्त, आणि शिस्त हा शब्द उच्चारताना प्लास्टरकडे बघितलं. मग मी निवेदकाच्या आवाजात म्हटलं की आता आपण आपल्या दिवंगत मित्राचं वादन ऐकू या, आणि दिवाळीच्या कार्यक्रमाची ती कॅसेट लावली. आवाज पूर्ण मोठा ठेवला.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. डॉक्टर सोफ्यावर मागे रेलून, हात जोडून, डोळे मिटून बसले होते. चंद्राचं गाणं सुरू झालं, पहिली ओळ संपली, आणि उदगीरपर्यंत ऐकू जावं म्हणून मारलेली ती हाक खोलीत घुसली. खिडकीच्या काचा थरथरल्या, खुर्चीवरच्या गिटारीच्या तारासुद्धा आपोआप झणझणल्या असं मला वाटलं... आणि डॉक्टर परांजपे, डोळे न उघडता, एक बोट वर करून ओरडले,

“बिराजदार, बटण वर!”